गायरानात ढोरं किती सोडायची, केव्हा सोडायची आणि केव्हा अजिबात नाही: नागपूरकडच्या जमिनीसाठी

हिरवं दिसतं म्हणून गायरान चांगलं आहे असं समजू नका. पोळ्याच्या टायमाला काटोल, हिंगणा, उमरेड, कुही कुठंही जा, रस्त्यावरून सगळं हिरवंगार दिसतं, पण गाडी थांबवून आत शिरलं की कळतं त्यातलं निम्म्याहून जास्त तर तरोटा, रानतुळस आणि गाजर गवत आहे, आणि ढोरं त्याच्यामधून दिवसभर तोंड खाली घालून फिरतात अन् संध्याकाळी खपाटीला गेलेली पोटं घेऊन आखरावर, म्हणजे गावच्या ढोरांच्या थांब्यावर, येतात. गावात मग एकच बोलणं, की जागा कमी पडून राहिली. जागा कमी झालीच आहे, ते खोटं नाही, पण आहे त्या जागेतलं गवत आपण कोणत्या महिन्यात ओरबाडतो ते पाहिलं तर बराचसा प्रश्न तिथंच आहे. ढोरांच्या आकड्यावर गावात भांडणं होतात, महिन्यावर कोणी बोलतच नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ग्रामपंचायतीत असाल, बकऱ्या पाळत असाल, गायकी म्हणजे गावची ढोरं चारणारे असाल, दुधाचा धंदा असेल, सगळ्यांच्या कामाचं आहे.

पहिले जमीन वाचायला शिका

आपल्याकडचं मूळचं चांगलं गवत म्हणजे शेडा, पवन्या, मारवेल, आणि उतारावर डोंगरी. ही बहुवर्षीय गवतं, म्हणजे वरून वाळली तरी बुडखा जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात तिथूनच फुटतो. भारतातल्या गवताळ प्रदेशांचे जे मोठे प्रकार पाडले आहेत त्यात आपला सगळा भाग शेडा-मारवेल या प्रकारात येतो, शास्त्रीय भाषेत सेहिमा-डायकॅन्थियम. चराई हलकी असेल तर हीच गवतं टिकतात. चराई वाढली की पहिले शेडा आणि पवन्या जातात कारण ढोरांना तेच सगळ्यात जास्त आवडतं, मग कुसळी वाढते, त्याच्याही पुढं गेलं की बुडखा नसलेली, एका पावसात उगवून वाळून जाणारी बारीक गवतं राहतात, ओलाव्याच्या जागी जमिनीला चिकटलेली हरळी राहते, आणि शेवटी जे ढोर तोंडच लावत नाही ते: तरोटा, गाजर गवत, रायमुनिया (घाणेरी), रुई. तरोट्याची कवळी भाजी आपण पहिल्या पावसात आवडीनं खातो पण गाईला त्याचा काही उपयोग नाही.

म्हणजे गायरानात तुम्हाला काय दिसतं त्यावरून ते कुठल्या पायरीवर आहे ते कळतं. शेडा किंवा मारवेलचे बुडखे दहा-वीस पावलांवर एखादा जरी सापडत असेल तर फार चांगलं, ती जागा विश्रांती दिली की स्वतःहून सुधरते. नुसती कुसळी असेल तरी आशा आहे. एकही बहुवर्षीय बुडखा सापडत नसेल तर नुसतं राखून पटकन काही होणार नाही, बी किंवा ठोंब बाहेरून आणावं लागेल, त्याचं खाली लिहितो.

एक गोष्ट मात्र खाली बसूनच पाहायची. गवताचा एक बुडखा निवडा आणि त्याच्या आजूबाजूची जमीन किती खाली आहे ते पहा. जास्त चरलेल्या जागी बुडखा एका छोट्या मातीच्या उंचवट्यावर बसल्यासारखा दिसतो, खालची पांढुरकी मुळं उघडी पडलेली असतात आणि मधल्या मोकळ्या जागेत बारीक खडे वर आलेले असतात. बुडखा वर आलेला नसतो, आजूबाजूची माती वाहून गेलेली असते. दोन बोटं उंचवटा म्हणजे तिथून दोन बोटं माती गेली. बरडावर जिथं मुरमाच्या वर मातीच सगळी वीतभर आहे तिथं दोन बोटं म्हणजे किती मोठा हिस्सा गेला त्याचा हिशोब तुम्हीच करा.

गवत नेमकं मरतं कसं

गवत पात्यातून अन्न बनवतं आणि त्यातलंच मुळांना देतं. पातं खाल्लं की झाड पहिले पातं परत काढायच्या मागं लागतं, मुळांची वाढ थांबते. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फ्रँकलिन क्रायडर यांनी यावर प्रयोग करून 1955 साली निकाल छापले, ते अजूनही जगभर वापरतात. पात्याचा निम्मा भाग कापला तर मुळांच्या वाढीवर जवळजवळ काहीच फरक पडला नाही, 2 ते 4 टक्के मुळं तेवढी थांबली. 60 टक्के कापला तर निम्मी मुळं थांबली, 70 टक्क्यांना 78 टक्के, आणि 80 टक्के कापल्यावर तर सगळीच्या सगळी मुळं वाढायची थांबली, तीही बारा दिवस. हे आकडे नीट पहा, निम्म्यापर्यंत काही होत नाही आणि त्यानंतर एकदम कडा तुटल्यासारखं होतं. म्हणून नियम सोपा आहे, निम्मं खाऊ द्या निम्मं ठेवा. आणि हे निम्मं वजनाचं आहे, उंचीचं नाही, कारण गवताचं वजन बुडाशी जास्त असतं, टोंगळ्याएवढ्या (गुडघ्याएवढ्या) गवताचा वरचा अर्धा भाग खाल्ला तर वजनानं ते निम्म्यापेक्षा बरंच कमी असतं. रोजच्या कामाला बोटांचं माप पुरे: मारवेल चार बोटांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, शेडा, पवन्या आणि डोंगरी आठ बोटांच्या खाली नाही. तेवढं झालं की कळप पुढं.

आता महिन्याचं. नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्याला लागतो आणि वर्षाचा हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा चार महिन्यांतच पडून जातो. पहिल्या पावसानंतर जो कवळा फुटवा येतो तो बुडख्यात आणि मुळात साठवलेल्या शिदोरीवर येतो, स्वतःचं अन्न बनवायला पाती अजून पुरेशी नसतात. नेमकं तेव्हाच आपण ढोरं सोडतो कारण उन्हाळाभर ती उपाशी असतात आणि आपल्याकडचा चारा संपलेला असतो. फुटवा खाल्ला की बुडखा परत शिदोरीतूनच दुसरा काढतो, दुसऱ्या दिवशी तोही खाल्ला जातो, असं तीन-चारदा झालं की आतलं संपतं आणि बुडखा काळा पडतो. हेच ढोर हाच बुडखा डिसेंबरमध्ये वाळल्यावर खाईल तर गवताचं फारसं बिघडत नाही कारण तोपर्यंत बीही पडलेलं असतं आणि मुळात साठाही झालेला असतो. जुलैतले पंधरा दिवस आणि डिसेंबरातले पंधरा दिवस यात एवढा फरक आहे, आणि माझ्या मते आपल्या भागात गायरानाचं सगळ्यात जास्त नुकसान त्या जुलैतच होऊन राहिलं.

त्यात उन्हाळ्यात मोह वेचायला किंवा नवीन फुटवा लवकर यावा म्हणून कोणी आग लावली असेल तर आणखी वाईट, जमिनीवरचा पालापाचोळा जळलेला, माती उघडी, आणि फुटवा आला की लगेच ढोरं. ज्या तुकड्यात आग लागली तिथं त्या पावसात चराई बंदच ठेवा.

मातीचं काय होतं

पाऊस पडल्यावर पाणी आत शिरलं तर गवत, वाहून गेलं तर नाला. पाणी आत शिरायला मातीत पोकळ्या लागतात, त्या पोकळ्या मुळं, गांडुळं, उधई आणि शेणकिडे करतात. चराई जास्त झाली की मुळं कमी, शेण पडतं पण कडक उन्हात वाळून जातं, वरचा पाचोळा नाही म्हणून पावसाचा थेंब सरळ मातीवर आदळतो आणि वर पापडी धरते. वरून खुरांचा दाब.

खुरांचं मात्र जमीन पाहून बोललं पाहिजे. काटोल, कळमेश्वर, हिंगणा बाजूला खाली काळा पाषाण आहे, खोलगट भागात भारी काळी माती आणि माथ्यावर बरड. काळी माती ओली असताना, विशेषतः झड लागलेली असताना तिच्यावर कळप नेला की खुराखाली अक्षरशः लोणी होतं आणि वाळल्यावर वीट होते, तेव्हा झडीत काळ्या जमिनीवर कळप नकोच, माथ्यावरच्या मुरमाड तुकड्यात न्या. पण काळ्या मातीला एक वरदान आहे, उन्हाळ्यात ती स्वतःच भेगाळते आणि थोडीफार मोकळी होते, त्यामुळं एकदोन वर्षं सांभाळलं तर भरून निघतं. बरडाचं उलट आहे, तिथं खुरांनी चिखल होत नाही, लोकांना वाटतं काही होत नाही, पण झाकण गेलं की माती उतारानं निघून जाते आणि गेलेली वीतभर माती आपल्या नातवंडांच्या काळातही परत तयार होत नाही. म्हणून उन्हाळ्यात आणि दाट कळपासाठी काळी जमीन, पावसात थोड्या ढोरांसाठी थोडे दिवस बरड, आणि उताराची बरड जमीन शक्य तेवढी राखून. तुमच्या तालुक्याची माती नेमकी कोणती ते पाहायचं असेल तर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आपल्या नागपुरातच अमरावती रोडला आहे, नकाशे तिथं तयार होतात.

पाणी किती मुरतं ते घरी मोजता येतं. टिनाचा एक डबा घ्या, दोन्हीकडचे बूड कापा, जमिनीवर ठेवून वर लाकडाची फळी धरून हलकं ठोकून दोन-तीन बोटं आत बसवा. एक लिटर पाणी ओता, मुरू द्या, मग दुसरा लिटर ओता आणि मोबाइलवर वेळ लावा. दुसऱ्या लिटरचा वेळ खरा, पहिल्यात कोरडी माती पाणी पिते. हाच प्रयोग त्याच प्रकारच्या मातीत पण न चरलेल्या जागी करा, स्मशानाच्या कुंपणात, शाळेच्या मागं, रेल्वेच्या हद्दीला, आणि फरक लिहून ठेवा. ग्रामसभेत भाषणापेक्षा हा डबा जास्त काम करतो. फक्त काळ्या मातीत उन्हाळ्यात करू नका, भेगांतून सगळं पाणी क्षणात जातं आणि तुम्हाला वाटतं जमीन लय चांगली आहे. पावसाळ्यात उघाड पडली की दोन दिवसांनी करा.

आणि एक छोटं कुंपण कराच. तीन मीटर बाय तीन मीटर, चार खुंट्या, भोवती बोराट्या आणि बाभळीचे काटे. मे महिन्यात करायचं आणि दिवाळीपर्यंत आत एकही जनावर नाही. तुमच्या जमिनीत अजून काय दम आहे ते हा तुकडा सांगतो, आतून शेडा निघाला तर समजा बुडखे जिवंत आहेत. दोन-तीन ठिकाणी करा, एक काळ्यावर, एक बरडावर, एक आखराच्या जवळ.

किती ढोरं, याचा हिशोब

दसऱ्याच्या आसपास गवत पूर्ण वाढलेलं असतं तेव्हा, न चरलेल्या भागात, एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाका, पाइपची करा नाहीतर बांबूची. आतलं खाण्यालायक गवत जमिनीलगत कापा, तरोटा वगैरे सोडून द्या. अशा दहा जागा घ्या आणि चौकट डोळे झाकून फेका, नाहीतर हात आपोआप चांगल्या गवताकडंच जातो. गवत उन्हात चार-पाच दिवस कडक वाळवा, किचनच्या काट्यावर तोला, सरासरी काढा. जेवढे ग्रॅम येतील त्याला दहानं गुणलं की हेक्टरी किलो.

समजा सरासरी 180 ग्रॅम आलं, म्हणजे हेक्टरी 1800 किलो वाळलेलं गवत. निम्मं ठेवायचं आहे, आणि उरलेल्यातलंही काही तुडवलं जातं, काही रोही (नीलगाय) आणि ससे खातात, त्यामुळं ढोरांच्या वाट्याला 40 टक्केच धरा, उताराच्या बरडावर 30 धरा. 1800 चे 40 टक्के म्हणजे 720 किलो. आपली गावठी गाय दिवसाला वाळलेल्या हिशोबानं साधारण 6 किलो खाते, म्हणजे एका हेक्टरात एका गाईचे 120 दिवस. चार महिने झाले. 50 हेक्टर गायरान असेल तर 50 गाई चार महिने, किंवा 100 गाई दोन महिने. म्हैस दीड गाय धरा, पाच-सहा बकऱ्या किंवा मेंढ्या मिळून एक गाय.

बहुतेक गावांत हा आकडा आणि आखरावरची खरी ढोरं यांचा मेळ बसणार नाही, फार मोठा फरक येईल. घाबरून वही बंद करू नका. कोणालाही गाय विकायला सांगायची गरज नाही आणि तसं सांगाल तर पुढं कोणी ऐकणारही नाही. दिवस कमी करायचे आहेत. गवताच्या वाट्याचे दिवस संपले की बाकीचे दिवस कापणीनंतरची वावरं, धुऱ्याचं कापून आणलेलं गवत आणि कोठ्यातला चारा.

जुलैचा प्रश्न कसा सोडवायचा

पाऊस लागल्यापासून पाच-सहा आठवडे गायरानाचा मोठा भाग बंद, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड काम आहे. कारण नांगर-वखराचे दिवस, बैल थकलेले, आणि कोठा रिकामा. म्हणून याची तयारी आदल्या ऑक्टोबरपासूनच करावी लागते. सोयाबीन काढलं की कुटार (मळणीनंतरचा भुसा) वावरात जाळतात किंवा तसंच भिजू देतात, ते झाकून ठेवा. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार, गव्हांडा, मौदा-रामटेककडं धानाची तणस, हे सगळं जून-जुलैसाठी वेगळं काढून ठेवायचं, उन्हाळ्यात हात लावायचा नाही. ज्वारी कमी झाली म्हणून कडबा कमी झाला, तर धुऱ्याकडंला दोन-चार ओळी ज्वारी पेरायला काय हरकत आहे. दसऱ्यानंतर गायरानातलंच गवत कापून वाळवून ठेवलं तर आणखी चांगलं, पण बी पडल्यावर.

गायरानाचे तीन भाग पाडा, नाला, पांदण, मोठा पळस, अशा खुणांनी, कुंपणाच्या खर्चात पडू नका. पहिल्या भागात या वर्षी दिवाळीपर्यंत कोणीच नाही, तिथं बी पडेल. दुसरा पाच-सहा आठवड्यांनी म्हणजे गवत टोंगळ्याएवढं झाल्यावर उघडा. तिसरा जो आधीच सगळ्यात बिघडलेला, जिथं कुसळी आणि हरळी जास्त आहे, तिथं सुरुवातीची ढोरं न्या. कुसळी कवळी असतानाच ढोरं खातात, एकदा तिला कुसळं धरली की ती तोंडात टोचतात, मेंढीच्या अंगात घुसतात, तेव्हा तिचा वापर जुलैतच करून घ्या. पुढच्या वर्षी बंद भाग बदला. तिसऱ्या भागालाही पाळी आली पाहिजे नाहीतर तो कायमचा उकिरडा होऊन जातो. दिवाळीनंतर बंद भाग उघडला की उलट फायदाच, ढोरांच्या पायानं पडलेलं बी मातीत दाबलं जातं.

हे सगळं ठरवताना गायकीला बसवल्याशिवाय काही ठरवू नका. कोणतं ढोर कुठं जातं, कुठलं गवत पहिले संपतं, पाणी कधी आटतं, हे त्याला माहीत असतं, गोवारी समाजाच्या कितीतरी पिढ्या याच कामात गेल्या आहेत आणि ते ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. त्याला ढोरामागं जी मजुरी देता ती या कामासाठी वाढवून द्या, कारण रोज कळप वळवून दुसऱ्या भागात नेणं आखराजवळ सोडून देण्यापेक्षा कष्टाचं आहे. उन्हाळ्याकडं बाहेरून मेंढ्यांचे कळप येत असतील तर त्यांच्याशी आधी बोला, वावरात खतासाठी बसवायला बोलावतोच ना, मग गायरानातला बंद भागही दाखवून द्या.

जनावर-जनावरात फरक आहे. गाय जिभेनं गवत गुंडाळून ओढते म्हणून तिला फार खाली खाता येत नाही. मेंढी आणि बकरी ओठांनी वेचून अगदी मातीपर्यंत जातात, पण बकरी झुडपांचा पाला जास्त खाते, त्यामुळं बोराट्या वाढलेल्या तुकड्यात बकऱ्या कामाच्या. ज्या तुकड्यातून गाई पुढं नेल्या तिथं मागून मेंढ्या घालणं सगळ्यात घातक, निम्मं ठेवलेलं तेही जातं.

पाण्याच्या टाक्याभोवती आणि आखराभोवती जमीन नेहमीच टणक आणि उघडी होते, ते पूर्ण टळत नाही. मिठाची वीट मात्र पाण्यापासून लांब ठेवा, ढोरं आपोआप पसरतात. उताराला सरळ उतरणारी पायवाट असेल तर तिची नाली व्हायच्या आत दगड आडवे टाकून वाट वळवा.

बुडखेच नसतील तर

मारवेलचे ठोंब जिथं आहेत तिथून पावसाच्या सुरुवातीला आणून लावा, पाऊस दोन-तीन चांगले झाले की हाताएवढ्या अंतरावर. शेडा आणि पवन्याचं बी दसऱ्यानंतर हातानं ओरबाडून गोळा करा, सुकवून ठेवा, ताजं बी लगेच नीट उगवत नाही, पुढच्या जूनमध्ये शेण-मातीत कालवून टाका. लावलेल्या जागी पहिलं वर्ष चराई नको. गाजर गवत फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटा, रायमुनिया मुळासकट काढा आणि मोकळ्या झालेल्या जागी लगेच गवत लावा नाहीतर तेच परत येतं.

कायमची चराईबंदी करा असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं काहीच चरलं नाही तर वाळलेलं गवत साचतं, नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही, आणि उन्हाळ्यात तेच आगीला खाद्य होतं. हलकी चराई गवताला फुटवे वाढवायला मदतच करते.

लावणी, खोदकाम, कुंपण काहीही करायच्या आधी तलाठ्याकडं जमिनीची नोंद बघून घ्या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत आपण ज्याला गायरान म्हणतो त्यातली बरीच जमीन कागदावर झुडपी जंगल आहे, आणि 22 मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार ती वनजमीन धरायची आहे, म्हणजे वन खात्याशी बोलल्याशिवाय काम करता येत नाही. तुमच्या गावाचं निस्तारपत्रक काढा, चराईचा हक्क कुठल्या गट नंबरवर लिहिला आहे ते त्यात सापडतं. वनहक्क कायदा 2006 मध्येही चराईचा सामूहिक हक्क आहे, तो दावा ग्रामसभेतून टाकता येतो.

पहिल्या वर्षी डोळ्याला मोठा फरक दिसणार नाही, बंद भागातही तरोटा येईलच. तेव्हा दरवर्षी दसऱ्याला त्याच दहा जागी चौकट टाका, त्याच जागेवरून फोटो काढा, आणि चौकटीत बहुवर्षीय बुडखे किती ते मोजून वहीत लिहा. बुडखे वाढत असतील तर तोच बेत चालू ठेवा. दोन पावसाळ्यांनंतरही आकडा तिथंच असेल तर एकतर ढोरं लवकर शिरतायत किंवा त्या जागी ठोंब लावावे लागतील, आणि कोणतं ते काट्याच्या कुंपणातला तुकडा बघून कळेल.